थर्केटलची पावपेनी

लेनर्ड कॅटरमोलच्या तोंडून 'नक्की' हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा तो 'हो' म्हणाला होता, पण तेही जरा थांबून, असं त्याची बायको हयात असताना सांगायची. चौतीस वर्षं त्याने नॉर्फक जिल्ह्यात घरोघर फिरून गॅसचे मीटर वाचले. दार बंद असलं की बाकीचे वाचणारे अंदाजे आकडा टाकून पुढच्या दाराला लागत. लेनर्ड पुन्हा जाई. एका घरी तो सहा वेळा गेला आणि सातव्या वेळी शेजारणीने सांगितलं, की तो माणूस मागच्या वर्षीच वारला. लेनर्डने वहीत 'वाचता आला नाही' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला स्वस्थता आली.

निवृत्त झाल्यावर हा सगळा स्वभाव त्याने आपल्या जुन्या छंदावर, तांब्याच्या जुन्या नाण्यांवर, काढला. विकरिंग गावच्या मेटल डिटेक्टर क्लबात एकवीस सभासद होते, सगळे साठीच्या पुढचे. कानाला हेडफोनची डबडी लावायची, लांब दांड्याचं यंत्र नांगरलेल्या शेतावरून केरसुणीसारखं फिरवत चालायचं, यंत्र कण्हलं की गुडघे सांभाळत खाली बसायचं आणि खणायचं. दहातल्या आठ वेळा बटण निघतं. सोनं निघालं तर ते ओळखायला कुणी लागत नाही, सोनं स्वतःच आपली ओळख करून देतं. तांब्याचं तसं नाही. तीनशे वर्षं मातीत पडलं की तांब्याचा जळका बिस्किटाचा तुकडा होतो. त्यावर राजा आहे, राणी आहे की नुसतीच माती आहे, हे सांगायला सगळ्यांना लेनर्ड लागायचा.

त्याच्या बागेतल्या लाकडी खोपटात फळीवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. बरणीत ऑलिव्ह तेल, तेलात एक नाणं, बाहेर चिठ्ठी: शेत कुठलं, तारीख कुठली, सापडलं कुणाला. दर महिन्याला तेल बदलायचं. असं वर्षभर. मग भिंगाखाली धरून गुलाबाच्या काट्याने एकेक कण माती उचलायची. क्लबातले लोक म्हणत, लेनर्डकडे जेवायला गेलात तर सॅलडवर तेल मिळणार नाही, पण नाण्यावरच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला पोटभर मिळेल.

वर्ष संपलं की लेनर्ड निवाडा देई. "तिसरा जॉर्ज असू शकेल."

"असू शकेल म्हणजे?"

"म्हणजे नाकावरून वाटतं."

आणि बऱ्याचदा नुसतंच, "वाचता येत नाही." क्लबाच्या खजिनदाराने एक गोल तुकडा रोमन म्हणून दोन महिने नातवंडांना दाखवला होता. तो लाकूड चमकवायच्या मेणाच्या डबीचा तळ असू शकेल, असं लेनर्डने भर सभेत सांगितलं. खजिनदाराने नंतर यंत्र विकलं आणि तो मधमाश्या पाळू लागला.

विल्फ थर्केटल हा लेनर्डचा एकतीस वर्षांपासूनचा दोस्त, आणि प्रत्येक बाबतीत लेनर्डच्या उलटा. विल्फ खाटीक होता. विकरिंगच्या बाजारपेठेत 'थर्केटल आणि मुलगा' अशी पाटी होती. तो त्यातला मुलगा. हाताचे पंजे दुकानात टांगलेल्या मालाशी मिळतेजुळते. नाणं सापडलं की तो त्यावर थुंकायचा आणि विजारीवर घासायचा. नाणं दोन मिनिटांत चकचकीत व्हायचं आणि तिसऱ्या मिनिटाला निकामी. दर रविवारी, आणि निवृत्त झाल्यापासून मंगळवारीही, दोघं जोडीने शेतात जायचे. विल्फ 'पोर्क पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेलं डुकराचं मांस, आणायचा, लेनर्ड चीज आणि लोणच्याचं सँडविच आणायचा, आणि बांधावर बसून दोघं एकमेकांचं खायचे. बोलायचं काम विल्फकडे होतं.

विल्फच्या डोक्यात एकच किडा होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाला सुटे पैसे पाडायला सवड नव्हती, तेव्हा गावोगावचे दुकानदार आणि गुत्तेवाले आपापल्या नावाची तांब्याची पावपेनी पाडून घेत. करंगळीच्या नखाएवढी आणि पापडासारखी पातळ. एका बाजूला मालकाचं नाव, दुसऱ्या बाजूला गावाचं. विल्फचं म्हणणं, आपला एक पूर्वज रॉबर्ट थर्केटल याचा विकरिंगमध्ये गुत्ता होता आणि त्याने अशी पावपेनी पाडली होती. पुरावा म्हणून चर्चच्या दफनाच्या वहीतली एक ओळ होती: 'रॉबर्ट थर्केटल, गुत्तेवाला.' पावपेनीचा त्यात उल्लेख नव्हता. अशा नाण्यांची जिल्ह्याची छापील यादी होती, तीत थर्केटल तर नव्हताच, विकरिंगही नव्हतं.

क्लबात त्याला 'महाराज' म्हणायचे. "काय महाराज, आज टांकसाळ बंद का?"

विल्फ हसण्यावारी न्यायचा. पण बाजारपेठेतलं दुकान आता नखं रंगवायचं झालं होतं. पाटी कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, जिलियन, ती लग्नानंतर आडनावाने प्रायर झाली. विकरिंगमध्ये थर्केटल हे नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं, जुन्या टेलिफोनच्या वहीत आणि विल्फच्या दारावर. यादीत एकदा छापून आलं की मग कुणाचा बाप ते पुसू शकत नाही, असं तो एकदा सँडविच खाता खाता म्हणाला होता. लेनर्डने तेव्हा मान हलवली होती. होकारार्थी की नकारार्थी, ते सांगणं कठीण.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, लार्टर नावाच्या शेतकऱ्याच्या 'नऊ एकर' म्हणवणाऱ्या चौदा एकरांच्या शेतात, विल्फने हाक मारली. "लेन, इकडे ये. हळू ये, पण लवकर ये."

लेनर्ड पोचला तेव्हा विल्फच्या तळहातावर नखाएवढी पातळ चकती होती, आणि थुंकून झालं होतं. अंगठा फिरायच्या आत लेनर्डने त्याचं मनगट धरलं.

"सोड, म्हाताऱ्या. एकदाच पुसतो."

"एकदाच पुसून तू गेल्या वर्षी पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलंस."

"ते लोकांनी आधीच उडवलं होतं. जरा इतिहास वाच."

ओल्या डागाखाली, काठाशी, दोन अक्षरं वर आली होती. टी आणि एच. दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. विल्फचा श्वास नाकातून वाजत होता.

"टी, एच. थर्केटल."

"टी, एच. थॉमसही असू शकेल. थर्स्टन असू शकेल."

"तुझ्या बायकोने तुझ्याबरोबर चाळीस वर्षं काढली कशी?"

"बेचाळीस. तिलाही कळलं नव्हतं."

विल्फने चकती त्याच्या हातात ठेवली. देताना दोनदा बोटं मिटली आणि दोनदा उघडली. "तूच कर. माझ्या हातात राहिली तर घरी जाईपर्यंत मी ती पुसून टाकीन."

"पुढच्या ऑक्टोबरात सांगतो."

"रॉबर्ट साडेतीनशे वर्षं थांबलाय. मी एक वर्ष थांबेन," विल्फ म्हणाला. त्याने आयुष्यात धरलेली ती पहिली सबुरी.

जानेवारीत विल्फ पिवळा पडला. आधी क्लबात त्याची थट्टा झाली, मग नॉरिचच्या इस्पितळात तपासण्या झाल्या, मग थट्टा थांबली. पोटाच्या मागच्या बाजूला काहीतरी होतं, आणि ते काढण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारीअखेर त्याला शेवटच्या दिवसांसाठी असते तसल्या एका शांत बैठ्या इमारतीत हलवलं. खिडकीसमोर पक्ष्यांना दाणे घालायचं तबक होतं. "मला इथे आणलंय आणि खायला घालतायत चिमण्यांना," विल्फ म्हणाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिलियन लेनर्डच्या दारात आली. ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती. कामांची यादी करून एकेक खोडायची सवय होती तिला, आणि त्या यादीतलं हे एक काम असावं. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात बसली.

"अंकल लेन, बाबांच्या त्या नाण्याचं काय झालं?"

"तेलात आहे."

"किती दिवस?"

"ऑक्टोबरपर्यंत."

जिलियनने हातमोजे टेबलावर ठेवले, सरळ केले. "डॉक्टर म्हणतात, मदर्स डे."

"कुठल्या वर्षीचा?" लेनर्डने विचारलं. तिकडे मदर्स डे मार्चातच येतो. चौतीस वर्षांची सवय; तारीख अर्धवट सांगितली की तो पूर्ण करून घ्यायचा. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. जिलियनने मोजे पुन्हा सरळ केले.

"ते रोज विचारतात," जिलियन म्हणाली. "मला माझ्या मुलांची नावं विचारत नाहीत. ते नाणं वाचलं का, एवढंच. तुम्ही लवकर काही नाही का करू शकत? म्युझियमवाले?"

"म्युझियमच्या बाईंकडे आठ महिन्यांची रांग आहे."

"मग तुम्हीच."

लेनर्डने 'बघतो' म्हटलं. ती गेल्यावर तो खोपटात गेला आणि बरणी उजेडाला धरली. पाच महिन्यांत चारदा बदललेलं तेल पुन्हा हिरवं झालं होतं. तळाशी चकती होती तशीच काळी.

घाईचे उपाय त्याला सगळे ठाऊक होते. दर हिवाळ्यात तो क्लबात त्यांच्याविरुद्धच भाषण करायचा, चहा आणि आल्याच्या बिस्किटांसकट. भाषण एकच, दरसाल तेच. या भागातल्या शेतांत पन्नास-साठ वर्षं खतं पडतायत. खताने तांबं आतून खाल्लं जातं. वरून राजा दिसतो, पण तो धातूत नसतो, वरच्या हिरव्या पुटात असतो. माती म्हणून तुम्ही जे काढता तोच राजा असतो. पूट गेलं की खाली नुसतं तांबं उरतं, त्याला ना तोंड ना नाव. "मातीला हात लावताना," तो शेवटी म्हणायचा, "ती माती आहे असं समजू नका." मग बिस्किटं संपवून लोक घरी जात आणि लिंबाच्या रसात नाणी टाकत.

गुरुवारी दुपारी त्याने औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइडची बाटली आणली. दुकानातल्या मुलीने विचारलं, कापलंय का कुठे. तो म्हणाला, अजून नाही.

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने वर्तमानपत्र पसरलं. चकती तेलातून काढली, साबणाच्या पाण्याने धुतली. गरम पाण्याच्या वाडग्यात कप ठेवून पेरॉक्साइड कोमट केलं. कापसाची काडी बुडवून त्याने ती काठाशी टेकवली. बारीक फेस आला. फेस टिपला. टी दिसला. पुन्हा टेकवली, पुन्हा टिपलं. एच दिसला. दोन्ही अक्षरं इतकी ठसठशीत, की लेनर्ड खुर्चीतून अर्धवट उठला. काम चांगलं चाललं होतं, आणि घात झाला तो तिथेच. काम वाईट चाललं असतं तर तो थांबला असता.

एचच्या शेजारी एक उभी रेघ वर येत होती. रेघेच्या पुढे काळं होतं. फोटो काढावा, असं मनात आलं. दर भाषणात तो सांगायचा, आधी फोटो. पण फोन बैठकीच्या खोलीत होता, हात ओले होते, आणि एक काडी फिरवली की तिसरं अक्षर पुरं दिसणार होतं. त्याने काडी फिरवली.

फेस नेहमीपेक्षा जास्त आला. टिपला तेव्हा कापसाला साल लागली होती. कांद्याची निघते तशी, पातळ, हिरवी, तिच्यावर अख्खा एच. लेनर्डने कापूस भिंगाखाली धरला, मग चकती धरली. जिथे साल निघाली तिथे तांबं गुलाबी होतं, नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखं. आता थांबायचं, हे त्याला कळत होतं. पण पेरॉक्साइड धुवायला पाण्यात बुडवल्याबरोबर उरलेलं पूटही सुटलं, टीसकट, मागच्या बाजूसकट, आणि वाडग्यात हिरवा कोंडा फिरत राहिला. त्याने तो कोंडा गाळून पांढऱ्या कागदावर वाळवला. संध्याकाळपर्यंत तो काट्याने एकेक कण दुसऱ्या कणाला जोडायचा प्रयत्न करत होता.

शुक्रवारी जिलियन इमारतीच्या दारातच भेटली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला बाजूला घेतलं. लेनर्डने खिशातला कागद उलगडून चकती दाखवली, काय झालं ते सांगितलं. जिलियनने पूर्ण ऐकून घेतलं. शाळेत पोरांचं ऐकते तसं.

"बाबांना सांगा, थर्केटल आहे."

"मी ते वाचलेलं नाही."

"त्यांना दिसत नाही आता नीट. बोटांनाही कळत नाही, औषधांनी बधिर झालीत. अंकल लेन, मी तुम्हाला आयुष्यात काही मागितलं नाही. एक वाक्य."

खोलीत विल्फ उशांना टेकून बसला होता. अंगावरचं मांस गेलं होतं, पंजे तेवढे राहिले होते. दुसऱ्या कुणाचे तरी आणून पांघरुणावर ठेवल्यासारखे. लेनर्ड कोटासकट खुर्चीवर बसला.

"काय?" विल्फ म्हणाला.

"वाचलं."

"आणि?"

लेनर्डने खिडकीबाहेरच्या तबकाकडे पाहिलं. "थर्केटल आहे. रॉबर्ट थर्केटल, विकरिंग. नक्की."

विल्फने डोळे मिटले. जिलियन पायाशी उभी होती, तिने तोंडावर हात धरला. मग विल्फ डोळे न उघडताच म्हणाला, "जिल, जरा चहा आण ना. लेनला दोन साखरा."

ती गेली. दार लागलं.

"काय केलंस तू त्याचं?" विल्फने विचारलं.

लेनर्डचा हात खिशातल्या कागदाकडे गेला.

"एकतीस वर्षं ओळखतो मी तुला. माझ्या परसात तोफेचा गोळा निघाला, मेलं पंधरा शेरांचं लोखंड, तेव्हा तू काय म्हणालास? 'गोळा असू शकेल.' आज 'असू शकेल' एवढंच म्हणाला असतास ना, तर मी सुखाने मेलो असतो. नक्की म्हणे."

लेनर्डने कागद उलगडला आणि चकती त्याच्या तळहातावर ठेवली. विल्फने ती अंगठ्याने चाचपली, काही कळेना, मग डोळ्यांशी नेली. गुलाबी तांबं खिडकीच्या उजेडात लुकलुकलं.

"पेरॉक्साइड?"

"हो."

"गरम?"

"कोमट."

"कोमट," विल्फ म्हणाला. गिऱ्हाइकाने शिळं मांस परत आणलं की तो याच आवाजात बोलायचा. "ते भाषण तूच देतोस ना? बिस्किटांचं?"

"हो."

"मी दोन वेळा झोपलोय त्यात. तरी मला माहीत होतं. फोटो?"

"फोन बैठकीत होता. हात ओले होते."

विल्फने मान डोलावली. "दिसलं काय होतं? खरं सांग."

"टी. एच. मग एक उभी रेघ."

"आय. थर्केटलमधला."

"आय असू शकेल. थर्स्टनमधल्या यूचा डावा पाय असू शकेल."

"ओ नव्हता?"

"ओ नव्हता."

"म्हणजे थॉमस गेला."

"थॉमस गेला," लेनर्ड म्हणाला.

"थर्स्टन राहिला. थर्स्टन लोक विकरिंगमध्ये कधी नव्हते. भिकारडी जात, पलीकडच्या गावात होते."

"कधीच नव्हते?"

विल्फने त्याच्याकडे पाहिलं. ओठ जरासे हलले. हसू असावं, किंवा दुखलं असावं. "आता कसा माणसात आलास." त्याने चकती मुठीत घेतली. नंतर खूप हळू म्हणाला, "तू पुसलंस त्याचं काही नाही, लेन. मीही पुसलंच असतं. तू पुसणार नाहीस म्हणून तुला दिलं होतं."

चहा आला. त्यात दोन साखरा होत्या. लेनर्ड साखर घेत नसे, पण त्याने सगळा प्यायला. विल्फने तोंड खिडकीकडे केलं होतं. "जा आता," तो म्हणाला. "दमलोय मी."

घरी न जाता लेनर्ड लार्टरकडे गेला. लार्टर अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा होता, त्याचे बूट तेवढे दिसत होते.

"नऊ एकर कधी पेरताय?" लेनर्डने बुटांना विचारलं.

"पुढच्या शनिवारी. बार्ली. का हो?"

"तोवर मला हवंय."

"घ्या की. पण एवढ्या चिखलात? तुमचे ते महाराज कसे आहेत?"

"बरे नाहीत."

"मग शेतात काय करताय?" बूट म्हणाले. लेनर्ड दोरी आणायला वळला.

त्याचं गणित साधं होतं. एक पावपेनी पाडायला कुणी साचा करत नाही. पाडली तर शेकड्यांनी पाडली असेल, आणि गुत्त्यातून घरी जाणारा माणूस खिशातलं शेतात सांडत जातो. एक सांडली तिथे दुसरी असेल. शनिवारपर्यंत ती सापडली, पूट शाबूत असलं आणि विल्फ असला, तर फक्त थुंकी लावायची आणि वाचायचं. लेनर्डने या तीन जर-तरांची बेरीज केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आकडा बघायचं टाळलं.

बांधापासून बांधापर्यंत दोरी बांधून त्याने शेताचे पट्टे पाडले आणि रोज सकाळी आठपासून चालायला लागला. पट्टा सुटता कामा नये, पाऊल आखूड, यंत्र जमिनीला घासून. वारा उत्तर समुद्रावरून येत होता आणि वाटेत त्याला अडवायला काही नव्हतं. चिखल बुटांना चिकटून एकेक पाय पाच शेरांचा झाला. पहिल्या दोन दिवसांत गुडघा सुजला, मग त्याने लंगडत पट्टे घातले. खाणं आणायचा, पण एकट्याने स्वतःचंच सँडविच खायचं त्याला जमेना. एकतीस वर्षांत त्याची चव कशी लागते ते त्याला माहीत नव्हतं. खाऊन पाहिलं, तर लोणचं फार होतं.

दिवसभर फिरून चारला तो विल्फकडे जाई. मंगळवारी विल्फ झोपला होता. बुधवारी जागा होता.

"चिखलाचा वास येतोय," विल्फ म्हणाला. "कुठे होतास?"

"नऊ एकरात."

विल्फला समजायला थोडा वेळ लागला. "काय निघालं?"

"अकरा बटणं. शिशाची गोळी. एक चमचा. तिसरा जॉर्ज, असू शकेल."

"चमचा तरी वाचता आला का?"

"नाही."

"हं," विल्फ म्हणाला, आणि पुढे काही विचारलं नाही. त्याची मूठ मिटलेली होती. जिलियन म्हणाली, नर्स आंघोळ घालताना ती चकती काढते आणि झाल्यावर परत द्यावी लागते, नाहीतर ते ओरडतात. लेनर्डला तिने नेहमीसारखं दारापर्यंत सोडलं नाही. त्या एका वाक्याबद्दल ती त्याच्याशी कधी बोलली नाही, पण ते त्याने बिघडवलं, हे तिच्या यादीत राहून गेलं होतं.

गुरुवारी विल्फ बोलला नाही.

शुक्रवारी दुपारपासून बारीक पाऊस होता. पट्टे चार राहिले होते. लेनर्ड त्यातल्या पहिल्याच्या मधोमध होता तेव्हा यंत्र वाजलं. लोखंडासारखं खेकसणं नव्हतं, चांदीच्या कागदासारखी चिवचिव नव्हती. गोल, मऊ आवाज. त्याने यंत्र आडवं फिरवलं, उभं फिरवलं. आवाज जागचा हलला नाही. तांबं. लहान. चार बोटं खाली. तो सुजका गुडघा लांब ठेवून खाली बसला, कुदळीने चौकोन कापला, ढेकूळ उचललं. तेवढ्यात कोटात फोन वाजला.

"अंकल लेन," जिलियन म्हणाली, आणि थांबली.

"हं."

"वीस मिनिटं झाली."

लेनर्डने पावसाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला.

"झोपेतच. सकाळपासून काही बोलले नव्हते. तुम्ही कुठे आहात?"

"शेतात."

"पाऊस पडतोय ना तिकडे?"

"पडतोय."

"ते नाणं मुठीत आहे अजून. नर्सने विचारलं काय करायचं. मी म्हटलं, राहू दे." तिचा आवाज शाळेतला होता, सरळ रांगेत उभा केलेला, मग रांग मोडली आणि तिने फोन ठेवला.

लेनर्डने फोन कोटात ठेवला, बटण लावलं. खड्डा उघडा होता. ढेकूळ त्याच्या डाव्या हातात होतं आणि त्याच्या कडेला काहीतरी वर्तुळाकार दिसत होतं. ते तसंच परत टाकावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. टाकलं असतं तर ते काहीही असू शकलं असतं. पण वाचायचं राहिलेलं मागे सोडून जाणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने ढेकूळ फोडलं. चकती तळहातावर पडली. पुसायची गरज नव्हती, पाऊसच ती धुवत होता. माती काठावरून ओघळली, आणि खालून अक्षरं येऊ लागली, एकामागून एक, काठाने गोल.

एकही झिजलेलं नव्हतं. कारखान्याचं नाव, खाली बाराचा आकडा. बंदुकीच्या काडतुसाचं पितळी बूड होतं, गेल्या मोसमात कुणीतरी तितरावर झाडलेल्या. इतकं स्पष्ट वाचता येणारं काही त्याला गेल्या कित्येक वर्षांत सापडलं नव्हतं.

ते त्याने कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. खड्डा बुजवला, वरून बुटाने दाबला, कारण उघडा खड्डा सोडला तर लार्टर पुन्हा शेतात येऊ देत नाही. अर्धा पट्टा आणि पुढचे तीन राहिले होते, आणि ट्रॅक्टर सकाळी सातला येणार होता. लेनर्डने कानाला डबडी लावली आणि दोरी पकडून तो पुढे निघाला.